पिंपाच्या तळाशी उरलेले ग्लिसरीन

थंडीच्या दिवसांत ओठ फुटले, टाचा भेगाळल्या, की आपल्याकडे ग्लिसरीनची बाटली निघते. गुलाबपाण्यात चार थेंब मिसळून ते हातापायांना चोळावे, ही जुनी घरगुती रीत. नाटक-सिनेमातल्या नायिकेच्या डोळ्यांतून जे पाणी वाहते तेही पुष्कळदा याच बाटलीतले असते. आज मी ज्या ग्लिसरीनविषयी बोलणार आहे ते मात्र इतके देखणे नाही. ते काळसर तपकिरी असते, काकवीसारखे दाट असते, त्याला साबणाचा आणि स्पिरिटचा वास येतो, आणि ते बाटलीत नव्हे, तर दोनदोनशे लिटरच्या पिंपांत भरून कुणीतरी कुठेतरी ठेवून दिलेले असते.

अशी बारा पिंपे मी गेल्या वर्षी एका तालुक्याच्या गावी पाहिली. माझा एक जुना विद्यार्थी तेथे दोघा भागीदारांबरोबर बायोडिझेलचा लहानसा कारखाना चालवतो. हॉटेले, फरसाणवाले, खानावळी यांच्याकडून तळणीचे वापरलेले तेल तो गोळा करतो आणि त्याचे इंधन बनवतो. धंदा बरा चालला आहे. मी सहज विचारले, "आणि ही पिंपे कसली?" तो म्हणाला, "सर, ते ग्लिसरीन. कोणी विकत घेत नाही, आणि मला ते टाकवत नाही." मी अर्थशास्त्राचा शिक्षक. विकत कोणी घेत नाही, तरी टाकवत नाही, अशी वस्तू पाहिली की आमचे कान टवकारतात. तेव्हापासून या विषयाच्या मागे लागलो. रसायनशास्त्राच्या सहकाऱ्यांना बरेच पिडले. त्यांच्याकडून जे समजले ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

आधी हे ग्लिसरीन येते कोठून ते पाहू. कोणतेही खाद्यतेल घ्या, शेंगदाण्याचे, करडईचे, सरकीचे, नाहीतर करंजाचे. त्याच्या कणाची घडण ठरलेली असते. ग्लिसरीनचा एक लहान कणा आणि त्याला जोडलेल्या स्निग्ध आम्लांच्या तीन लांब साखळ्या. एका मुठीतून तीन दोऱ्या लोंबाव्यात तसे. सोडा घालून तेल उकळले की दोऱ्या सुटतात, त्यांचा साबण होतो आणि मूठ, म्हणजे ग्लिसरीन, पाण्यात उरते. स्वीडनच्या शील या रसायनतज्ज्ञाला १७७९ च्या सुमारास ऑलिव्हचे तेल शिशाच्या भस्माबरोबर तापवताना हा गोड पदार्थ प्रथम सापडला. पुढे शेव्रल नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने स्निग्ध पदार्थांची ही घडण उलगडून दाखवली आणि गोड या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याचे नाव ठेवले. हा शेव्रल एकशे दोन वर्षे जगला. ग्लिसरीनमुळे नव्हे, हे सांगून टाकलेले बरे!

बायोडिझेल बनवताना हीच क्रिया थोड्या वेगळ्या वळणाने होते. तेल साठ अंशांच्या आसपास तापवतात, त्यात मेथॅनॉल नावाचे विषारी स्पिरिट आणि थोडासा कॉस्टिक सोडा किंवा कॉस्टिक पोटॅश घालून घुसळतात. मुठीतल्या तीनही दोऱ्या सुटतात आणि प्रत्येक दोरी मेथॅनॉलच्या एकेका कणाला जाऊन चिकटते. ते झाले बायोडिझेल. घुसळणे थांबवून ठेवून दिले, की वर पिवळे पातळ इंधन तरंगते आणि जड ग्लिसरीन तळाशी बसते. हिशेब सोपा आहे: शंभर किलो तेल आणि सुमारे अकरा किलो मेथॅनॉल घातले, की शंभर किलोच्या आसपास बायोडिझेल आणि दहा-अकरा किलो ग्लिसरीन मिळते. पण तळाशी बसते ते शुद्ध ग्लिसरीन नसते. क्रिया पुरी व्हावी म्हणून मेथॅनॉल गरजेच्या जवळजवळ दुप्पट घालावे लागते. त्यातले बरेचसे उरलेले मेथॅनॉल, बहुतेक सगळा सोडा, झालेला साबण आणि तेलातली घाण हे सारे त्याच्या वाट्याला येते. म्हणून दहा किलो ग्लिसरीनसाठी पंधरा-वीस किलोचा गाळ हाती येतो.

आता अर्थशास्त्राची गोष्ट येते, आणि ती मला सांगितल्यावाचून राहवणार नाही. मार्शल या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने जोडउत्पादनाचे उदाहरण म्हणून गहू आणि काड यांची जोडी दिली आहे. शेतकरी गहू पेरतो तो गव्हासाठी. काड आपोआप येते. काडाचा भाव पडला म्हणून कोणी गहू पेरायचे थांबत नाही. ग्लिसरीनचे तंतोतंत तसेच आहे. एकेकाळी ते इतके मोलाचे होते की, पहिल्या महायुद्धात चरबी मिळेना तेव्हा जर्मनीने साखर आंबवून महिन्याला सुमारे हजार टन ग्लिसरीन काढले. कारण उघड होते. ग्लिसरीनपासून नायट्रोग्लिसरीन होते आणि त्यापासून स्फोटके होतात. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ पासून, अमेरिकेतील गृहिणी तव्यावरची उरलेली चरबी डब्यात साठवून खाटकाच्या दुकानी नेऊन देत, ती यासाठीच. पुढे पेट्रोलियमपासूनही ग्लिसरीन बनू लागले. मग २००३ साली युरोपने जैवइंधनांना उत्तेजन देण्याचे धोरण ठरवले. बायोडिझेलचे कारखाने उभे राहिले, आणि प्रत्येक दहा टन इंधनामागे एक टन ग्लिसरीन बाजारात येऊन पडू लागले. ते कोणी मागवलेले नव्हते. भाव कोसळले. पेट्रोलियमपासून ग्लिसरीन करणारा डाऊ कंपनीचा टेक्सासमधला कारखाना २००६ साली बंद झाला. ज्या वस्तूसाठी लोकांनी तव्याला चिकटलेली चरबी खरवडली, तीच वस्तू साठ-पासष्ट वर्षांनी पिंपात भरून ठेवायची पाळी आली.

शुद्ध केलेल्या ग्लिसरीनला आजही औषधांत, सौंदर्यप्रसाधनांत, रंगांत मागणी आहेच. मोठ्या कारखान्यांना ते शुद्ध करणे परवडते. नेदरलँड्समध्ये तर या गाळापासून पुन्हा मेथॅनॉल बनवण्याचा कारखाना उभा राहिला. पण दिवसाला शंभर लिटर इंधन करणाऱ्या लहान माणसाला शुद्धीकरणाची यंत्रसामग्री झेपत नाही. त्याच्यापुढे दोन वाटा राहतात: ते नाल्यात ओतायचे, किंवा त्यातली ऊर्जा काढून घ्यायची.

पहिल्या वाटेविषयी एकच हिशेब सांगतो. ग्लिसरीन विषारी नाही, पाण्यात सहज विरघळते, मग नाल्यात सोडले तर बिघडले कोठे, असे वाटते. पण पाण्यातले जंतू त्यावर तुटून पडतात आणि ते खाताना पाण्यातला प्राणवायू वापरतात. एक किलो ग्लिसरीन पुरते कुजायला सुमारे सव्वा किलो प्राणवायू लागतो. आपल्या हवामानात स्वच्छ वाहत्या पाण्याच्या लिटरमध्ये प्राणवायू असतो जेमतेम आठ मिलिग्रॅम. म्हणजे एका किलोने दीड लाख लिटर पाणी प्राणवायूविना होते. मासे गुदमरून मरतात. अमेरिकेतील मिसूरी राज्यात एका ओढ्यात असा गाळ सोडल्याने हजारो मासे मेल्याचे प्रकरण २००८ च्या सुमारास वृत्तपत्रांतून बरेच गाजले होते. "हरित" इंधनाच्या कारखान्याने केलेला हा पराक्रम!

तेव्हा दुसरी वाट. ग्लिसरीनमध्ये ऊर्जा आहे का? आहे. शाळेतील विज्ञानशिक्षकांना एक प्रयोग ठाऊक असतो. पोटॅशियम परमँगनेटच्या चिमूटभर पुडीवर ग्लिसरीनचे दोन थेंब टाकायचे आणि मागे सरायचे. क्षणभर काहीच होत नाही, मग धूर येतो आणि एकदम जांभळट ज्वाला उठते. (हा प्रयोग शिक्षकाने स्वतः करावा, लांब उभे राहून, मुलांच्या हाती देऊ नये.) एक किलो ग्लिसरीन जळाले तर सुमारे चार हजार किलोकॅलरी उष्णता मिळते. म्हणजे चांगल्या वाळलेल्या लाकडाइतकी. डिझेलची दहा हजारांच्या वर असते. येथे मला थोडे थांबून एक गोष्ट स्पष्ट करावीशी वाटते, कारण या विषयावर भलत्या आशा दाखवणारे पुष्कळ भेटतात. शंभर किलो बायोडिझेलमध्ये नऊ लाख किलोकॅलरी असतात, तर त्याबरोबरच्या दहा किलो ग्लिसरीनमध्ये चाळीस हजार. शेकडा साडेचार! देशाचा इंधनप्रश्न याने सुटणार नाही. सुटला तर कारखान्यामागच्या पिंपांचा आणि आसपासच्या दहा-पाच चुलींचा प्रश्न सुटेल.

तुम्ही म्हणाल, लाकडाइतकी उष्णता आहे तर घाला चुलीत. माझा विद्यार्थीही प्रथम हेच करायला निघाला होता. भुशात कालवून त्याने गोळे केले आणि परसातल्या चुलीत पेटवले. पाच मिनिटांत घरातली माणसे डोळे चोळत बाहेर आली.

हे का झाले? निरांजनाची वात विझवल्यावर तिच्या टोकाशी जो तिखट, घशाला लागणारा धूर येतो, किंवा कढईतले तेल फार तापले म्हणजे जो डोळ्यांना झोंबतो, तो आठवा. त्या झोंबण्याचे एक मोठे कारण म्हणजे ॲक्रोलीन नावाचा वायुरूप पदार्थ. तो होतो तो तेलातल्या ग्लिसरीनपासूनच. ग्लिसरीन पावणेतीनशे-तीनशे अंशांपर्यंत तापले आणि पुरते जळाले नाही, की त्यातले पाणी निघून जाते आणि ॲक्रोलीन उरते. ते विषारी आहे. डोळे आणि फुप्फुसे दोन्हींना घातक आहे. घरच्या चुलीत आच कमी-जास्त होते, हवा नीट मिळत नाही, म्हणजे ॲक्रोलीनला आयतेच आवतण. म्हणून एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: घरातल्या चुलीत, शेगडीत किंवा उघड्या आगटीत हा गाळ कधीही जाळू नये. भुशात कालवूनही नाही, गोवरीला फासूनही नाही.

मग कोठे जाळावा? जेथे भट्टीचा पोटभाग आधीच हजार अंशांच्या घरात तापलेला आहे आणि हवा भरपूर आहे, अशाच ठिकाणी. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्य विद्यापीठातील संशोधकांनी यावर केलेले काम २०११ साली प्रसिद्ध झाले. त्यांच्यापुढच्या अडचणी तीन होत्या. एक, ग्लिसरीन इतके दाट की फवारत नाही. दोन, ते आपोआप पेट घेते ३७० अंशांच्या आसपास, म्हणजे डिझेलपेक्षा कितीतरी उशिरा. तीन, उष्णता कमी असल्याने ज्योत टिकत नाही. त्यांनी उष्णतारोधक विटांचे अस्तर लावलेली भट्टी घेतली, ती दुसऱ्या इंधनाने आधी तापवली, ग्लिसरीन तापवून पातळ केले आणि हवा भोवऱ्यासारखी गरगरत आत सोडली. मग ज्योत स्थिर राहिली आणि ॲक्रोलीन अत्यल्प निघाले. पण कच्चा गाळ जाळला तेव्हा त्यातल्या सोड्याची बारीक राख धुराबरोबर उडाली आणि सगळीकडे बसली. म्हणजे सोडा आधी काढल्याखेरीज बॉयलरमध्येही हे इंधन सुखाने नांदत नाही.

याहून नवलाची गोष्ट इंग्लंडमध्ये झाली. तेथील काही अभियंत्यांनी ग्लिसरीनवर चक्क डिझेल इंजिन चालवून दाखवले. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबून तापवायची आणि तीत इंधनाचा फवारा मारायचा, की ते आपोआप पेटते. पेटण्याचा हा गुण ग्लिसरीनमध्ये जवळजवळ नाहीच, म्हणून सगळे म्हणत होते की हे शक्य नाही. मॅकनील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंधनात काही मिसळले नाही. आत येणारी हवाच आधी तापवली. इंजिन डिझेलवर सुरू करायचे, ते तापले की ग्लिसरीनवर आणायचे आणि त्याच्याच उष्णतेने आत येणारी हवा तापवत राहायचे. २०१२ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी ग्लिसरीनला सरळ उत्कृष्ट डिझेल-इंधन म्हटले आहे. एका अर्थी ते खरेही आहे. ग्लिसरीनच्या वजनात निम्म्याहून थोडा जास्त भाग प्राणवायूचाच असतो, म्हणून काजळी धरत नाही. ते सांडले तर पेट घेत नाही, आणि समुद्रात थोडे सांडलेच तर तेलासारखा तवंग येत नाही, म्हणून जहाजांसाठीही त्याचा विचार झाला. २०१४ साली विजेवर चालणाऱ्या मोटारींच्या शर्यती बीजिंगपासून सुरू झाल्या, तेव्हा त्या गाड्यांच्या बॅटऱ्या अशाच ग्लिसरीनवर चालणाऱ्या जनित्रांनी भरल्या जात. मात्र हे सारे शुद्ध केलेल्या, क्षार काढलेल्या ग्लिसरीनवर चालते. आपल्या विहिरीवरच्या इंजिनात पिंपातला गाळ ओतून पाहण्याचा मोह कोणाला झाला, तर त्याने नवे नोझल आणि नवा पंप यांचे पैसे आधी बाजूला काढून ठेवावेत.

आता मी ज्या गोष्टीकडे येऊ पाहत होतो तीकडे येतो. ती म्हणजे गोबर गॅस.

मैल्यापासून, शेणापासून गॅस काढण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ साली असा गॅस काढून वापरलेला होता. पुढे खादी ग्रामोद्योगाने गोबर गॅसच्या टाक्या गावोगावी पोहोचवल्या. पण पुण्याच्या 'आरती' या संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी एक वेगळाच मुद्दा मांडला. ते म्हणत, शेण म्हणजे जनावराने सत्त्व काढून घेऊन उरलेला चोथा. त्यातून गॅस तो किती निघणार? त्याच जंतूंना खरकटे अन्न, पिष्ट, साखर असे सकस खाद्य द्या आणि पाहा. त्यांच्या लहान टाक्या अशा खाद्यावर चालल्या आणि त्या कामाला २००६ साली इंग्लंडचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. ग्लिसरीन हे साखरेच्याच नात्यातले खाद्य आहे. जंतूंना ते फार आवडते.

किती आवडते, त्याचा हिशेब मांडू. एक किलो ताज्या शेणापासून साधारण चाळीस लिटर गॅस निघतो. एक किलो शुद्ध ग्लिसरीन जंतूंनी पुरते पचवले तर कागदावरच्या हिशेबाने ७३० लिटर गॅस निघायला हवा, आणि त्यात मिथेन शेकडा ५८. म्हणजे अठरा पट! शिवाय गंमत अशी की, जाळून मिळणाऱ्या उष्णतेतली शेकडा नव्वदहून अधिक उष्णता या गॅसमध्ये शिल्लक राहते. कागदावर राहते, हे म्हणायला हवे. टाकीत सगळे पचत नाही.

माझ्या विद्यार्थ्याने हा आकडा कोठेतरी वाचला. गावी त्याच्या काकांकडे दोन घनमीटरची टाकी आहे. त्याने त्यांना एक पिंप पोहोचते केले आणि सांगितले, "काका, रोज थोडे शेणकाल्यात घाला." थोडे म्हणजे किती, हे दोघांनीही बोलून घेतले नाही. काकांनी रोज एक बादली घातली. पहिले दोन दिवस शेगडी अशी पेटली की काकूंनी शेजारणींना बोलावून दाखवली. चौथ्या दिवशी ज्योत पिवळी पडली. पाचव्या दिवशी ती पेटेचना, आणि टाकीतून आंबूस वास यायला लागला. मी गेलो तेव्हा काकू मला म्हणाल्या, "मास्तर, तुमच्या पोरानं आमच्या टाकीला काय पाजलं हो? चांगली दुभती म्हैस आटवली!"

झाले होते ते असे. टाकीत जंतूंच्या दोन फळ्या काम करतात. पहिली फळी खाद्य फोडून त्याची आम्ले करते. दुसरी फळी त्या आम्लांचा मिथेन करते. पहिली चपळ, दुसरी संथ. लग्नघरी पुऱ्या लाटायला दहा बाया आणि तळायला एकटी असावी, तसे. नेहमीच्या शेणात लाटणेच सावकाश चालते, म्हणून मेळ बसतो. ग्लिसरीन आले की लाटण्याचा धडाका सुरू होतो, आम्लांचा ढीग लागतो, टाकी आंबते, आणि आंबलेल्या टाकीत तळणारी दुसरी फळीच मरू लागते. काकांची टाकी पुन्हा चालू व्हायला दीड महिना लागला. घालणे पूर्ण बंद केले, थोडी थोडी चुन्याची निवळी दिली आणि शेजारच्या चालू टाकीतली ताजी स्लरी विरजणासारखी आणून घातली. तोवर काकूंनी लाकडे फोडली. ती लाकडे माझ्या डोळ्यांपुढून अजून जात नाहीत. कारण खरकट्या अन्नाच्या टाक्यांविषयी त्या पोराला कौतुकाने सांगणारा मीच होतो.

मग योग्य प्रमाण कोणते? ग्रीसच्या क्रीट बेटावर सांडपाण्याच्या गाळाबरोबर ग्लिसरीन देऊन केलेल्या प्रयोगांत असे दिसले की, शेकडा एकपर्यंत ग्लिसरीन असले तर गॅस चांगला वाढतो. त्यापलीकडे गेले की टाकी बिघडते. आपण हाच आकडा धरू. दोन घनमीटरच्या टाकीला रोज पन्नास किलो शेण आणि तितकेच पाणी लागते, म्हणजे शंभर किलो शेणकाला. त्याचा शेकडा एक म्हणजे एक किलो ग्लिसरीन. गाळात ते निम्मेच असेल, तर दोन किलो गाळ. त्याहून जास्त नाही. सुरुवात तर पाव किलोनेच करावी आणि आठवड्याआठवड्याने वाढवावी, म्हणजे दुसऱ्या फळीला माणसे वाढवायला सवड मिळते. एक किलो ग्लिसरीनमागे प्रत्यक्षात अर्धा घनमीटर गॅस जास्तीचा मिळाला असे धरले, तर स्वयंपाकाच्या सिलिंडरमधला जवळजवळ पाव किलो गॅस रोज वाचतो. महिन्याकाठी अर्धा सिलिंडर. शेण मात्र चालूच राहिले पाहिजे. ग्लिसरीनमध्ये नत्र मुळीच नाही आणि जंतूंना नत्र लागते. ते शेणातून येते, आणि आम्ल सावरून धरण्याची शक्तीही शेणातूनच येते. कोरड्या भाकरीवर माणूस जगतो, नुसत्या गुळावर नाही.

आणखी दोन गोष्टी कारखानदाराने करायच्या आहेत, शेतकऱ्याने नव्हे. पहिली, गाळातले मेथॅनॉल आधी काढून घेणे. ते पासष्ट अंशांना उकळते. बंद भांड्यात तापवून, वाफ थंड करून परत मिळवता येते आणि पुन्हा वापरता येते, तेव्हा यात त्याचाही फायदा आहे. पण हे काम उघड्या पिंपाखाली जाळ लावून करायचे नाही. मेथॅनॉलची वाफ पेट घेते, त्याची ज्योत दिवसाउजेडी नीट दिसतही नाही, आणि पोटात गेले तर दृष्टी जाते, जीवही जातो. मेथॅनॉल न काढलेला गाळ कोणाच्या दारी पोहोचवू नये. दुसरी गोष्ट, कॉस्टिक सोड्याऐवजी कॉस्टिक पोटॅश वापरणे. पोटॅश महाग पडते हे खरे. पण टाकीतून निघालेली स्लरी शेवटी शेतातच जाते. तिच्याबरोबर सोडियम गेले तर जमीन चोपण व्हायची भीती. पोटॅश गेले तर ते खतच आहे. ज्या शेतकऱ्याने गाळ घ्यावा अशी आपली इच्छा आहे, त्याच्या जमिनीचा एवढा विचार करायला नको काय?

शिक्षकमित्रांना येथे एक काम सुचवतो. गावात चालू टाकी असेल तर तिच्या स्लरीचा थेंब पीएच कागदावर आठवड्यातून दोनदा मुलांकडून तपासून घ्या आणि आकडे वहीत लिहून ठेवा. सातच्या आसपास असेल तर टाकी ठीक. साडेसहाच्या खाली घसरू लागला, की शेगडी विझण्याआधीच कळते आणि ग्लिसरीन लगेच थांबवता येते. काकांच्या टाकीपाशी असा कागद असता, तर तिसऱ्या दिवशीच उमगले असते.

माझ्या विद्यार्थ्याने आता पोटॅश वापरायला सुरुवात केली आहे आणि मेथॅनॉल काढण्याचे बंद भांडे बसवून घेतले आहे. बारा पिंपांत मिळून सुमारे अडीच टन गाळ आहे. तो सोड्याचा आहे, म्हणून टाकीत एक किलोच्या वर द्यायचा नाही, असे आम्ही ठरवले. यापुढचा पोटॅशचा गाळ दोन किलोपर्यंत देता येईल. दहा टाक्या मिळाल्या तर जुनी पिंपे आठ-नऊ महिन्यांत रिकामी होतील. सध्या तीन घरे तयार झाली आहेत. त्यांत काकांचे एक आहे. तेथे बादली आता माळ्यावर गेली असून, गाळ मोजून घालण्याचे माप काकूंनी आपल्या ताब्यात ठेवले आहे.